दाराशी बसलेला लाजर आणि दूरदेशीचा लाजर

या आठवड्याचे पत्र इंदूरच्या एका भगिनीचे आहे. त्या बँकेत नोकरी करतात, त्यांचे यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात अभियंते आहेत आणि दोघेही मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेले आहेत. पत्र मोठे असल्यामुळे त्यातला आवश्यक तेवढाच भाग येथे देतो.

“आम्ही दर महिन्याला मंडळीत दशमांश देतो. त्याखेरीज आफ्रिकेतील मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला माझ्या खात्यातून दीड हजार रुपये जातात. आमच्याकडे नऊ वर्षांपासून भांडी आणि केरफरशी करणाऱ्या ताईंचे यजमान छावणीच्या धान्य मंडईत हमाली करतात. त्यांना हर्निया झाला असून शस्त्रक्रियेसाठी ताईंनी पंधरा हजार रुपये उसने मागितले. ताईंना आम्ही महिना साडेतीन हजार रुपये देतो. माझे यजमान म्हणाले की, एकदा दिले की सवय लागते. सुपर कॉरिडॉरवर दुसऱ्या फ्लॅटचे बुकिंग नुकतेच केल्याने हातही आखडता आहे, म्हणून मी नाही म्हटले. पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दाराशी उपाशी पडलेला भिकारी लाजर या प्रभूच्या दाखल्यावर (बोधकथेवर) उपदेश केला आणि तेव्हापासून मला धड झोप लागत नाही. श्रीमंत असणे पाप आहे का? दारातल्या माणसाला नकार देऊन दूरच्या मुलांना पैसे पाठवणे हे ढोंग आहे का? एक नातेवाईक म्हणतात, गरीब नेहमीच तुमच्याबरोबर असणार असे प्रभूनेच सांगितले आहे, मग आपण कोणाकोणाला पुरणार? दुसरे एक जण मोबाईलवर एका प्रचारकाचे व्हिडिओ पाठवतात, त्यात द्याल त्याच्या शंभरपट परत मिळेल असे सांगितलेले असते. मी कोणाचे ऐकावे?”

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या पत्रात प्रश्न अनेक आहेत, पण त्यांतला एकच तातडीचा आहे, म्हणून तो आधी घेतो. हमाली करणाऱ्या माणसाचा हर्निया अंगावर काढण्याजोगा नसतो. आतड्याला पीळ पडला किंवा त्याचा रक्तपुरवठा थांबला, तर ठरवून करता येणारी शस्त्रक्रिया काही तासांत जिवावरची होऊन बसते. तेव्हा आज संध्याकाळी ताई कामाला येतील तेव्हा त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे का, हे विचारा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात. कार्ड नसेल, तर शिधापत्रिका आणि आधार घेऊन एमवाय या सरकारी रुग्णालयात आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटता येते किंवा १४५५५ या क्रमांकावर पात्रता विचारता येते. बँकेत काम करणाऱ्या तुमच्यासारख्या व्यक्तीला कागदपत्रांची ही वाट सोपी आहे. दिवसाला चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला ती भिंतीसारखी वाटते. एक दिवसाची रजा टाकून तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात, तर कदाचित पंधरा हजारांची गरजच उरणार नाही. आणि त्यानंतरही औषधे, तपासण्या, तसेच शस्त्रक्रियेनंतर जड ओझे उचलण्याची मनाई असलेल्या आठवड्यांत बुडणारी मजुरी यांसाठी जे पैसे लागतील, ते तुम्ही द्यावेत, आणि माझे स्पष्ट मत असे की उसने म्हणून देऊ नयेत. साडेतीन हजारांच्या पगारातून हप्ते कापून घेणे म्हणजे आजारी माणसाच्या घरातली भाकरी थोडी थोडी काढून घेणे होय. कर्जाबद्दल मोशेचे नियमशास्त्र किती काटेकोर आहे ते निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात पाहा: गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घ्यायचे नाही, आणि त्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करायचे, कारण रात्री तो दुसरे काय अंगावर घेणार? प्रभू येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात त्याच्याही पुढे जातो आणि परतफेडीची आशा न धरता द्यायला सांगतो.

आता जी गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेली नाही, पण पत्रात सहज लिहून गेला आहात, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे साडेतीन हजार रुपये. तुमच्या मनाला लागलेली टोचणी पंधरा हजारांच्या नकाराची आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला मात्र वाटते की तिचे मूळ या पगारात आहे. पवित्र शास्त्रात गरिबांविषयी जे काही सांगितले आहे, त्यात दानाचा विषय फार मोठा आहे हे खरे, परंतु त्याच्या आधी मजुरीचा विषय येतो. मजुराचा रोज सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ‘अनुवाद’ या मोशेच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तीच आज्ञा अधिक कळवळ्याने आली आहे, कारण तिथे सांगितले आहे की तो मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या रोजावर टांगलेला आहे आणि त्याने देवाकडे गाऱ्हाणे केले तर पाप तुमच्या माथी येईल. हा मजूर आपल्या जातकुळीचा असो वा परदेशी असो, नियम एकच. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर धनवानांना सुनावले आहे की, ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे.

आपल्या इंदुरात राहणाऱ्याला हे वचन समजावून सांगावे लागू नये. हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली आणि तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये सुटायला २०२३ चा नाताळ उजाडावा लागला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. या तीस वर्षांत त्या कुटुंबांना कोणी धान्य दिले असेल, कोणी मुलांची फी भरली असेल, आणि ते सारे चांगलेच झाले. पण त्या माणसांना दया हवी नव्हती, त्यांना त्यांचा पगार हवा होता. जे देणे लागतो ते न देता जे देणे लागत नाही ते देण्याची सवय भल्या माणसांनाही लागते, कारण दान देताना मन भरून येते आणि पगार वाढवताना येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. ताई तुमच्याकडे रोज किती तास राबतात याचा हिशेब मांडा आणि त्या तासांना तुम्ही स्वतः किती मोल लावाल ते पतिपत्नींनी एकत्र बसून ठरवा. पगार पाच हजारांवर न्यावा, महिन्यातून चार सुट्ट्या पगारी असाव्यात, आजारपणात पैसे कापू नयेत आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार द्यावा, असे मला वाटते. आकडा तुमच्या भागातला भाव पाहून थोडा इकडेतिकडे होईल, पण तो शेजारणी काय देतात एवढ्यावरच ठरू नये. अपघात विम्याची वर्षाला वीस रुपयांची सरकारी योजना तुमच्याच बँकेत आहे. ताई आणि त्यांचे यजमान दोघांचे अर्ज तुम्हीच भरून घ्या. या कशालाही दान समजू नका आणि दशमांशाच्या हिशेबात तर मुळीच धरू नका.

श्रीमंत असणे पाप आहे का, या तुमच्या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळीत पहिल्या काही शतकांपासूनच दोन सूर ऐकू येतात आणि दोन्ही ऐकून घेतले पाहिजेत. मार्कच्या दहाव्या अध्यायातला तो धनवान मनुष्य तुम्हाला आठवत असेल, ज्याला प्रभूने सर्व विकून गरिबांना देण्यास सांगितले आणि जो खिन्न होऊन निघून गेला. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट याने दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास याच प्रसंगावर एक प्रवचन लिहिले आणि त्यात असे मांडले की टाकून द्यायची आहे ती धनाची आसक्ती. कारण कोणाजवळच काही नसेल, तर भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणार कोण? हा युक्तिवाद समंजस आहे, आणि आपल्या मंडळ्यांतील सुस्थितीतल्या लोकांना तो नेहमीच आवडत आला आहे.

दुसरा सूर चौथ्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा धर्मगुरू बेसिल याचा आहे. त्याच्या प्रांतात इसवी सन ३६९ च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला असता धान्य दडवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यांसमोर तो उभा राहिला. लूकच्या बाराव्या अध्यायातील जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या मूर्ख धनवानाच्या दाखल्यावर बोलताना त्याने बजावले की, तू दाबून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्याचा आहे. पुढे त्याने शहराबाहेर गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसाहत उभारली. त्याच शतकाच्या शेवटी अंत्युखियात धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोमने लाजराच्या दाखल्यावर, म्हणजे तुम्ही त्या रविवारी ऐकलेल्या त्याच शास्त्रभागावर, प्रवचनांची मालिकाच केली. त्याचा रोख असा होता की त्या धनवानाने लाजराचे काही हिरावून घेतले नव्हते, त्याला मारले नव्हते, दारातून हाकललेही नव्हते. आपल्याजवळचे वाटून घेतले नाही, हीच चोरी होती.

मी स्वतः या दुसऱ्या सुराकडे झुकतो, हे लपवत नाही. क्लेमेंट चूक नाही, पण आपली आसक्ती सुटली आहे की नाही हे ठरवणारे आपणच असतो आणि आपण आपल्या बाजूने फार सौम्य निकाल देतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या धनवान जकातदार जक्कयाला हे ठाऊक असावे, म्हणून त्याने मनाच्या अवस्थेबद्दल काही न बोलता थेट आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट. प्रभूने त्याच्याकडून सगळे मागितले नाही, हेही लक्षात घ्यावे. एकाला सर्वस्व सोडायला सांगितले, दुसऱ्याचे अर्धे स्वीकारले, बेथानीच्या मार्था-मरीयेला घर विकायला सांगितलेच नाही आणि त्यांच्या घरी तो जेवला. तेव्हा दुसरा फ्लॅट घेणे हे पाप आहे असा शिक्का मी मारणार नाही. मात्र तो कशासाठी घेत आहात, हे एकमेकांना प्रामाणिकपणे सांगा. मुलाला राहायला हवा असेल, तर ती एक गोष्ट आहे. केवळ भाव वाढेल म्हणून कुलूप लावून ठेवायचा असेल, तर बेसिलचे शब्द त्या कुलपापाशी उभे राहून एकदा वाचावेत.

या संदर्भात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली मला फार उपयोगी वाटतो, कारण तो साधुसंन्याशांशी बोलत नव्हता, तर अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या कष्ट करून वर येणाऱ्या लोकांशी, म्हणजे थोडेफार तुमच्या-आमच्यासारख्यांशीच बोलत होता. जितके कमावता येईल तितके कमवा, जितके वाचवता येईल तितके वाचवा आणि जितके देता येईल तितके द्या, हे त्याचे तीन नियम. त्यातला पहिला नियम बिनशर्त नव्हता. शेजाऱ्याच्या शरीराला, जिवाला किंवा मालमत्तेला अपाय करून कमावणे त्याला मान्य नव्हते. त्याने ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्टाची हकीकत नोंदवली आहे, आणि तो स्वतः वेस्लीच असावा असे मानले जाते. वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा त्या माणसाने अठ्ठावीस पौंडांत भागवून दोन पौंड दिले; दुसऱ्या वर्षी साठ मिळाले, तरी खर्च अठ्ठावीसच ठेवला आणि बत्तीस दिले. मिळकतीबरोबर खर्चाची पातळी वाढू न देणे ही यातली किल्ली आहे. तुमचा दशमांश ठीक आहे, पण पगार दुप्पट झाल्यावरही दहा टक्क्यांवरच थांबणारा मनुष्य दिवसेंदिवस अधिक सोप्या ओझ्याला आज्ञापालन म्हणू लागतो.

आता दूरचे आणि जवळचे. दारातल्या माणसाला नकार देऊन दूर पैसे पाठवणे हे ढोंग आहे का, असे तुम्ही विचारता. तुमच्या पत्रावरून मला ढोंग दिसत नाही. मला एवढेच दिसते की दूरची मदत एकदा बँकेला सूचना दिली की आपोआप जाते, तिला चेहरा नसतो, ती वेळ मागत नाही आणि आपल्याला अडचणीत टाकत नाही, तर जवळची मदत हे सगळे करते. लाजराच्या दाखल्यातला धनवान नरकातून वर पाहतो तेव्हा लाजराला नावाने ओळखतो, म्हणजे जिवंतपणी त्याला तो ठाऊक होता, ही बाब फार हलवून सोडणारी आहे. ज्याचे नाव माहीत आहे त्याच्याबद्दलची जबाबदारी आधी येते. पौल तीमथ्याला लिहितो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. आणि नऊ वर्षे तुमच्या स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला तुम्ही घरच्यांत धरावे, अशी माझी विनंती आहे.

पण याचा अर्थ आफ्रिकेतले दीड हजार बंद करा, असा घेऊ नका. ते चालू ठेवा. ओळखपाळख नसलेल्या, दूरच्या, वेगळ्या भाषेच्या गरिबांसाठी पैसे जमवणे ही आजकालची टूम नव्हे. यरुशलेमेतील गरिबांसाठी पौलाने गलतिया, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी जमवली, आणि देणारे बहुतेक विदेशी लोक होते, ज्यांनी यरुशलेम कधी पाहिलेही नसेल. करिंथकरांना त्याने व्यवस्था लावून दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो स्पष्ट करतो की इतरांना सुख आणि तुम्हाला ओझे असा हेतू नसून समानता हा हेतू आहे. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची तुमची. त्याच अध्यायात आणखी एक मुद्दा आहे, ज्याकडे आपल्या मंडळ्यांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे पैशांबरोबर पाठवण्याची काळजी पौलाने घेतली. तेव्हा तुमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब मागवून वाचा. आयकरात सूट मिळवून देणाऱ्या पावतीवरून संस्थेचे काम चांगले आहे की नाही ते कळत नाही. हिशेबावरून पुष्कळ कळते. हिशेब मिळत नसेल, तर संस्था बदला, देणे थांबवू नका.

आणि भगिनी, आपण मराठी ख्रिस्ती लोक दूरच्या माणसांनी दिलेल्या पैशांचे ऋणी आहोत, हे विसरण्याची मुभा आपल्याला नाही. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केले आणि १८८७ मध्ये इथले ख्रिश्चन कॉलेज स्थापन झाले. त्यामागे अशा कित्येक कुटुंबांची अर्पणे होती, ज्यांना माळवा नकाशावर दाखवता आला नसता. पंडिता रमाबाईंच्या शाळेसाठी १८८७ मध्ये बोस्टनमध्ये संस्था निघाली, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी स्त्रियांनी मंडळे काढून इथल्या बालविधवांसाठी वर्गणी पाठवली. आपल्या दारातच गरीब आहेत, मग हिंदुस्थानातल्या मुलींचे काय, असे त्याही म्हणू शकल्या असत्या. आज तुमचे पैसे उलट दिशेने जात आहेत, ही मला मोठ्या आनंदाची गोष्ट वाटते.

केवळ देणग्यांनी जगाचे दारिद्र्य हटेल, असा समज मात्र ठेवू नये. १९९० मध्ये जगातील शंभरांपैकी सुमारे अडतीस माणसे अतिदारिद्र्यात होती आणि २०१९ पर्यंत हे प्रमाण नऊच्या आसपास आले. यात सर्वांत मोठा वाटा चीन, भारत आणि पूर्व व दक्षिण आशियातील इतर देशांत वाढलेल्या शेतीच्या, कारखान्यांच्या आणि रोजगाराच्या उत्पन्नाचा आहे. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिदारिद्र्याची आपली रेषा माणशी रोजी तीन डॉलरवर नेली. त्या मापाने आजही सुमारे ऐंशी कोटी माणसे तिच्या खाली आहेत आणि त्यांतली बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. तिथे दुष्काळ आणि युद्ध यांच्याबरोबर कर्जाचाही मोठा भार आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा योबेल सांगितला आहे, ज्यात जमिनी मूळ कुटुंबांना परत जात आणि कर्जापायी गुलाम झालेले मोकळे होत. योबेलच्या ‘जुबिली’ या इंग्रजी नावावरूनच ‘जुबिली २०००’ ही मोहीम निघाली. १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे बड्या राष्ट्रांचे प्रमुख जमले असता सुमारे सत्तर हजार माणसांनी साखळी करून गरीब देशांची कर्जे माफ करण्याची मागणी केली, आणि त्यांत चर्चला जाणारी साधी माणसे फार मोठ्या संख्येने होती. पुढच्याच वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफीची योजना वाढवण्यात आली. ही माणसे भीक घालत नव्हती, ती नियम बदलायला सांगत होती, आणि हेही ख्रिस्ती दातृत्वाचेच अंग आहे असे मी मानतो.

गरीब नेहमीच तुमच्याबरोबर असणार, हे वचन ज्या नातेवाइकांनी तुम्हाला ऐकवले, त्यांना मार्कचा चौदावा अध्याय पुढेपर्यंत वाचायला सांगा. प्रभू लगेच म्हणतो की तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांचे बरे करता येईल. शिवाय हे उद्गार अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाला धरून आहेत, आणि तिथे देशात दरिद्री नाहीसे होणार नाहीत म्हणूनच आपल्या गरीब बांधवासाठी हात सैल सोड, अशी आज्ञा आहे. हात आखडण्याची सबब त्यातून काढणे म्हणजे वाक्य अर्ध्यावर तोडणे आहे.

शंभरपटीच्या व्हिडिओंबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांना अधिक वेळ देण्याची गरज नाही. देवाला गुंतवणुकीचे खाते समजून दिलेला पैसा गरिबाला दिलेला नसतोच, आणि अशा शिकवणीचा सर्वांत मोठा फटका ज्यांच्याजवळ शेवटचे पाचशे रुपये आहेत त्यांनाच बसतो. ते व्हिडिओ पाहू नका आणि पुढे पाठवू नका.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मात्र उथळ नाही. मदतीने सवय लागते, ही भीती पौलालाही होती. ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असे त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिले. पण वाक्यातले ‘इच्छा नाही’ हे शब्द गाळू नयेत. पाठीवर पोती वाहून ज्याला हर्निया झाला, त्याला कामाची इच्छा नाही असे कोण म्हणेल? सवय लागू नये यासाठी मदत थांबवणे हा उपाय नसून मदतीची रीत बदलणे हा उपाय आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः हिंडल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातही त्यांनी तेच केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तिथे शिकवली जात, आणि रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे त्याच मुलींनी जुळवले.

आणखी जवळचे उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचे आहे. केरळमधून आलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक संघाच्या या भगिनी देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन शेतमजुरांबरोबर काम करत होत्या, आणि त्या गरीब माणसांची सावकारांच्या विळख्यातून सुटका व्हावी, त्यांना आपले हक्क कळावेत, यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. ज्यांच्या हिताला त्याची बाधा होत होती त्यांना हे सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली, हे तुम्ही ऐकले असेलच. सवय लागते म्हणणाऱ्यांना मला त्यांचे काम दाखवावेसे वाटते, कारण गरीब मनुष्य कोणाचाही मिंधा राहू नये, अशी ती मदत होती, आणि तिची किंमत त्यांनी प्राणांनी चुकवली.

तुमच्या ताई हिंदू आहेत, असे पत्रावरून दिसते. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने त्यांना उपासनेला येण्याचा आग्रह करू नका आणि प्रार्थनेची अटही घालू नका. मध्य प्रदेशात आमिष दाखवून धर्मांतर करवणे हा २०२१ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमी प्रवाशाच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत नेऊन दोन दीनार दिले आणि जास्त खर्च आला तर परत येताना देईन असे सांगून तो आपल्या वाटेने गेला. त्या प्रवाशाने पुढे कोणत्या डोंगरावर, म्हणजे कोणाच्या रीतीने, उपासना केली, हे त्याने विचारलेले नाही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू न देण्याची जी आज्ञा आहे, ती इथे अक्षरशः पाळा. मंडळीत या मदतीची साक्ष देऊ नका. ताईंच्या घरचे दुखणे ही त्यांची खासगी बाब आहे.

राहता राहिले तुमचे यजमान. त्यांच्या नकळत पैसे देऊ नका. घर दोघांचे आहे आणि लपवून केलेल्या मदतीमुळे उद्या ताईंवरच राग निघेल. शनिवारी संध्याकाळी फोन बाजूला ठेवून बसा आणि महिन्याचा सगळा खर्च कागदावर मांडा: कर्जाचे हप्ते, दोन्हीकडच्या आईवडिलांचा औषधपाण्याचा खर्च, मुलाचे शिक्षण, दशमांश, संस्थेचे दीड हजार आणि ताईंचा पगार. आईवडिलांना मात्र या हिशेबात कात्री लावू नका. देवाला अर्पण केले म्हणून आईबापांना काही द्यायचे नाही, अशी पळवाट काढणाऱ्या परूश्यांना प्रभूने मार्कच्या सातव्या अध्यायात फार कठोर शब्द वापरले आहेत. त्या कागदावर ताईंचा वाढीव पगार पहिल्याने लिहा, हप्त्यांच्याही आधी, आणि मग काय कमी करता येते ते पाहा. फ्लॅटच्या बुकिंगवर पुनर्विचार करायचा की नाही, हे त्या हिशेबावरून दोघांनी ठरवावे. यजमानांना अवजड वाटणार नाही अशी एक रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी ठेवा आणि तिच्यातून देताना दर वेळी परवानगीची चर्चा लागू नये, असे आधीच ठरवून टाका. देताना मन कुरकुरत असेल तर रक्कम लहान ठेवा, कारण पौल म्हणतो त्याप्रमाणे जबरदस्तीने किंवा दुःखाने दिलेले देवाला नको असते. पण लहान रकमेला ठरलेली तारीख असू द्या.

ताईंशी मात्र शनिवारची वाट न पाहता आजच बोला. आधी नाही म्हटले होते त्याबद्दल लांबलचक खुलासा करू नका, त्याने त्यांनाच अवघडल्यासारखे होईल. त्यांच्या यजमानांची तपासणी कोणत्या डॉक्टरांनी केली, शस्त्रक्रिया कधी करायला सांगितली आहे आणि शिधापत्रिका कोणाच्या नावावर आहे, एवढे विचारा, आणि उद्या सकाळी किती वाजता निघायचे ते त्यांनाच ठरवू द्या.